कृपया आमच्यावर आरोप करा

दुपारची वेळ. कूलरमधलं पाणी संपलं म्हणून तो बंद केला होता, आणि तो बंद झाला की आमचं घर किती गप्प आहे ते कळतं. सासूबाई डोळ्यांवर पदर घेऊन पडल्या होत्या. गुड्डी झोपली आहे असं समजून मी उरलेल्या मेनूकार्डांच्या कोऱ्या पाठी घेऊन लिहायला बसले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्याचं झाकण पडलं. पडलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं. आता थांबेल, मग थांबेल, पण थांबेना.

"गुड्डे, काय पाडलं?"

"काही नाही."

पाच वर्षांच्या मुलीच्या "काही नाही"वर जी आई विश्वास ठेवते तिचं दूध उतू गेलंच म्हणून समजा. तरी मी उठले नाही. लिहायला मिळालेली घटका एकदा हातची गेली की थेट उद्या भेटते. झाकण पडलंय म्हणजे पोरगी ओट्याशी आहे, आणि गॅस खालून बंद आहे. एवढी खात्री पुरे.

तर आमच्या विम्याची गोष्ट.

वरठीत आमचं 'शकुंतला कॅटरर्स' आहे. शकुंतलाबाई म्हणजे सासूबाई. स्वयंपाक त्यांच्या हातचा नसतो, पण पाटीवर नाव त्यांचं असल्यामुळे घरात शांतता असते. योगेंद्र, म्हणजे माझा नवरा, ऑर्डरी घेतो. मी मेनू आणि मसाले बघते. आणि काही बिघडलं तर ते कोणामुळे बिघडलं, हे सासूबाई बघतात.

मागच्या हिवाळ्यात इथल्या कारखान्यातल्या एका मोठ्या साहेबांच्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर आली. साहेब बाहेरगावचे. त्यांनी मेनू विचारला नाही, भाव पाडला नाही. चष्मा पुसत एकच विचारलं, "तुमचा लायबिलिटी इन्शुरन्स आहे ना?"

"आहे ना साहेब," योगेंद्र म्हणाला.

हा शब्द त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. पण आमच्या धंद्यात गिऱ्हाइकानं काहीही विचारलं की आधी "आहे ना" म्हणायचं आणि मग ते शोधायला निघायचं, अशी रीत आहे. साहेबांनी स्वागताला मोर मागितला असता तरी योगेंद्रनं "आहे ना" म्हणून विचारलं असतं, पिसारा फुललेला पाहिजे की मिटलेला?

शोधत शोधत तो भंडाऱ्याला धनंजयकडे पोचला. धनंजय हा त्याचा मामेभाऊ आणि विम्याचा एजंट. माणसं, मोटरसायकली, धान आणि म्हशी या सगळ्यांचे विमे त्यानं उतरवून झाले होते. आचारीच तेवढे राहिले होते. तो आनंदानं घरी आला, पोहे खाल्ले आणि मला समजावून सांगितलं, "पाहा वहिनी, तुमच्या जेवनानं कोनी बिमार पडलं, तं त्याचा खर्च कंपनी देते. तुमच्या खिशातून काही जात नाही."

सासूबाई आतून बाहेर आल्या. "म्हंजे लोकं बिमार पडतील म्हनून आताच पैसे भरून ठेवाचे? काहून?"

"आत्या, सेफ्टीसाठी."

"सेफ्टीले मी आहो ना. माह्या नावाचा धंदा, अन् त्याले असा अभद्र कागद!"

त्यानंतर कितीतरी दिवस त्या चुलीला हात लावण्याआधी अन्नपूर्णेची माफी मागत होत्या. मोठ्यानं मागत, म्हणजे ती मला ऐकू यावी.

विम्यासाठी आग विझवायचं नळकांडं घरात असावं लागतं, असं धनंजयनं सांगितलं. ते आणलं. भिंतीत रिकामा खिळा एकच होता, तो देवघराशेजारी. तिथं टांगलं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं, लालच होतं ते, शोभून दिसलं. मग शेजारचे खुशालभाऊ आले. भाऊ कारखान्यातून रिटायर झालेले, आणि आल्यागेल्याला सल्ला देणं ही आता त्यांची तिन्ही पाळ्यांची ड्युटी.

"वहिनी, हे उलटं टांगा लागते. आमच्या प्लांटमंदी पाहिलं मी."

उलटं टांगलं. टांगता टांगता भाऊंचा अंगठा कुठंतरी दबला, आणि आमच्या घरातले झाडून सगळे देव, लंगडा बाळकृष्ण धरून, पांढऱ्या भुकटीखाली गेले. भाऊ खोकत खोकत म्हणाले, "चालू आहे. चेक झालं."

एवढं करून साहेबांचं लग्न झालं आणि कोणाला करपट ढेकरसुद्धा आली नाही. पॉलिसीचं पाकीट सासूबाईंनी देवघरात नको म्हणून तांदळाच्या कोठीमागे सारलं. मी ते विसरूनही गेले.

मे महिन्यात खुशालभाऊंच्या मुलीचं, रिताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. स्वयंपाक अर्थात आमचा. व्याही सिहोऱ्याचे, आणि भाऊंनी दहीवड्याचा हट्ट धरला.

"भाऊ, एवढ्या उन्हात दही नको," मी म्हणाले.

"अवो वहिनी, बर्फात ठेवू ना! सिहोऱ्याचे लोक का म्हनतील? दहीवडा नाही, हे का साक्षगंध झालं?"

बर्फ आणला. सकाळीच लाइट गेली आणि हॉलचा फ्रीजर बंद पडला. सिहोऱ्याच्या पाहुण्यांची गाडी वाटेत बिघडली. पाहुणे येईस्तोवर मुहूर्त टळला होता आणि बर्फाचं पाणी झालं होतं. योगेंद्रनं एक वडा चाखला, क्षणभर वर पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाला, "थोडं आंबट आहे. पण दही आहे, आंबटच राहीन ना."

मीही चाखला. मीही मान हलवली. बाहेर शंभर माणसं भुकेली बसली असताना आचाऱ्याच्या जिभेला जे ऐकायचं असतं तेच चवीत सापडतं.

पंगत उठली तरी आमच्याकडे आचाऱ्याचं काम उठत नाही. जे म्हातारे मांडवात येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी डबे जावे लागतात. अमक्याच्या बारशाला आपला डबा आला नव्हता, हे आमच्या गल्लीतली माणसं नातवंडं झाली तरी विसरत नाहीत. मी डबे भरले, आणि बायाबाईचा डबा गुड्डीच्या हातात दिला. दुसऱ्या कोणी नेलेला तिनं चालवून घेतला नसता. बायाबाईनं नाही, गुड्डीनं.

बायाबाई आमच्या घरामागं राहायची. तिच्या घरचे तलावावर मासे धरतात. गुडघे गेले त्याच्या आधी ती रोज टोपली घेऊन आमच्या दारात यायची, आणि माझी गुड्डी पोटात होती तेव्हा "हे तुले नाही, आतल्याले" म्हणून एक मासोळी वर टाकायची. आतलं बाहेर आल्यावर तिनं त्यावरचा हक्क सोडला नाही. गुड्डीला चालायला तिनं शिकवलं, शिव्याही तिनंच शिकवल्या. आणि बायाबाईकडून भांडं कधी रिकामं परत यायचं नाही. त्या संध्याकाळीही गुड्डी डबा घेऊन आली तो राखेनं लख्ख घासलेला होता, आणि आत तेंदूची ओंजळभर पिवळी फळं, टेंभरं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या गल्लीत माणसं एकमेकांना ओळख न देता लगबगीनं घरी परतू लागली. खुशालभाऊ दारात उभे राहून "गर्मी आहे, गर्मी" म्हणत आणि वाक्य अर्धं टाकून आत पळत. रिताच्या होणाऱ्या सासरहून फोन आला की तिकडेही सगळे "आराम करून राहिले." मीठसाखरेचं पाणी पिऊन दोन दिवसांत गल्ली सावरली.

बायाबाई सावरली नाही. तिचं वय, तिची साखर. तिच्या मुलानं, बुधरामनं, तिला ऑटोत घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, किडन्या थांबल्या आहेत, नागपूरला नेऊन मशीनवर घ्यावं लागेल, उशीर करू नका. सरकारीत खाट रिकामी नव्हती. खाजगीत होती. मोफत इलाजाच्या सरकारी योजनेच्या कार्डावरून मायचं नाव मधल्या काळात कमी झालेलं, ते पुन्हा चढवायला बुधराम गेला तर सर्व्हर बंद.

योगेंद्र ताडकन उठला. "अरे, आपली पॉलिसी आहे ना!"

तांदळाच्या कोठीमागून पाकीट निघालं. मला वाटलं, देवच निघाला. धनंजय धावत आला, त्यानं पाकीट वाचलं आणि खाली बसला.

"मिळते वहिनी. हॉस्पिटलले कंपनीचं पत्र मिळू शकते. फक्त कोनीतरी तुमच्यावर आरोप केला पायजे. लेखी."

"त्यात काय? मीच लिहून देते. दही आंबलं होतं, चूक आमची."

धनंजयनं कानावर हात ठेवले. "हेच कराचं नाही! कबुली देल्ली का पॉलिसी गेली. माफी बी मांगाची नाही. तुमी चूप राहाचं, अन् दुसऱ्यानं तुमाले दोष द्याचा."

उन्हातान्हात मी दोष मागायला निघाले.

आयुष्यभर नाव जपलेली बाई मी. मुलीचा गणवेशसुद्धा लोक बघतील म्हणून दोन्ही बाजूंनी इस्त्री करते. आणि आता दारोदार जाऊन म्हणत होते, "आमच्या जेवणानं तुम्हाला त्रास झाला, असं जरा लिहून द्याल का?"

खुशालभाऊ तर दुखावलेच. "मी? तुमच्याविरुद्ध? वहिनी, जीव गेला तरी नाही. माह्या पोटाले तं पयलेपासूनच आदत आहे."

रिताची होणारी सासू साक्षगंधात आमच्या भाजीतल्या मिठापासून हॉलच्या पंख्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला नावं ठेवत होती. माझी सगळी आशा तिच्यावर. फोन केला तर म्हणाली, "नाही वो बाई, लिहून गिहून नाही. सोयरीक आहे. तोंडी पायजे तेवढं बोलतो."

शेवटी सोमाजी गुरुजी तयार झाले. रिटायर्ड मास्तर, सत्याचे भोक्ते. त्यांनी समास सोडून सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'आपल्या येथील दहीवडा सेवन केल्यानंतर मला किंचित अस्वस्थता जाणवली. तथापि त्यात दहीवड्याचा दोष नसून माझ्या वयाचा आहे. स्वयंपाक अत्यंत रुचकर होता. आपल्या व्यवसायाची उत्तरोत्तर भरभराट होवो.'

धनंजयनं ते वाचलं. "वहिनी, हे दुकानात फ्रेम करून लावा."

राहिला बुधराम. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होता. मी सांगितलेलं त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मायनं तुमच्या घरी एवढी वर्सं मासोळी देल्ली. अन् मी तुमच्यावर केस करू?"

"कर ना रे भाऊ. कर केस," मी म्हणाले. "पैसे आमचे जात नाहीत, कंपनीचे जातात."

"लोक का म्हनतील? खाल्लेल्या घराले बुधराम उलटला."

"लोकांचं राहू दे. आजीला मशीनवर न्यायचं ना?"

मी त्याच्यापुढं हात जोडले. माझ्यावर उलटावं म्हणून एका माणसाचे पाय धरायची वेळ आली होती, आणि बाजूनं जाणारी नर्स आमच्याकडे अशी बघून गेली की बहुधा हीच बाई पैसे बुडवणारी असावी. बुधरामनं सही केली. करताना दुसरीकडे बघत होता.

कंपनीचा सर्व्हेअर नागपूरहून आला. तरुण होता, अदबीचा. खाटेजवळ जाताना त्यानं बूट बाहेर काढले. मला त्याचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. गुड्डी माझ्याबरोबर होती. आजीला बघितल्याशिवाय जेवणार नाही म्हणून तिनं सकाळपासून तोंड बंद केलं होतं. ती खाटेचा लोखंडी गज धरून उभी राहिली. बायाबाईचं तोंड सुजलं होतं, पण गुड्डी दिसताच तिनं बोट हलवलं.

"आजी," सर्व्हेअर वाकून म्हणाला, "साक्षगंधाच्या दिवशी तुमच्याकडे जेवणाचा डबा आला होता?"

"आल्ता."

"कोणी आणला होता?"

"मी!" गुड्डी म्हणाली. टाचा उंच करून म्हणाली, शाळेत हजेरीला म्हणतात तशी.

सर्व्हेअरनं तिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. बायाबाईनं त्याच्या चालत्या पेनाकडे बघितलं, मग गुड्डीकडे. बराच वेळ बघितलं.

"त्यातलं तुम्ही काय काय खाल्लं, आजी?"

"मी तं खाल्लाच नाही बाबू," बायाबाई म्हणाली. "भूक नोती. कुत्र्याले टाकला."

"माय!" बुधराम ओरडला. "अवो माय, का बोलून राहिली!"

"तू होता का घरी? तू तलावावर होता." तिनं डोळे मिटले. "पोरीनं आनला, पोरीचं काही नाही त्याच्यात. मले जुनीच बिमारी आहे. लिहून घे बाबू."

मी पुढे झाले. "खाल्लाय हो त्यांनी! आमच्याच—"

धनंजयनं माझा हात धरला. सर्व्हेअरनंही पेन वर उचललं. "मॅडम, प्लीज. तुम्ही कबुली देऊ नका, तुमच्याच हिताचं नाही."

मी गप्प बसले. अटच तशी होती.

बाहेर व्हरांड्यात त्यानं बूट घातले, उभा राहिला आणि मनापासून म्हणाला, "अभिनंदन मॅडम. तुमच्यावर काहीच जबाबदारी येत नाही."

ते अभिनंदन घेऊन आम्ही घरी आलो. योगेंद्रनं मोठी पातेली आणि शेगड्या तुमसरच्या एका कॅटररला विकून टाकल्या. खुशालभाऊंनी रिताच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतलं काढून आणलं आणि "सल्ला नाही देत आज" एवढंच म्हणाले. गल्लीनं गाडी केली. गाडी नागपूरला पोचली, पण बायाबाई वाटेतल्या मौद्याच्या पुढं आली नाही.

काही दिवसांनी बुधराम आमच्या दारात उभा राहिला, डोक्यावरचे केस काढलेला.

"तेरवीचा सयपाक तुमीच करा वहिनी."

योगेंद्र खुर्चीवरून उठलाच नाही. मी म्हणाले, "बुधरामभाऊ, आमच्यानं नाही होणार. दुसऱ्या कोणाला सांगा."

"दुसऱ्याले सांगतलं तं लोक म्हनतील का तुमच्याच अन्नानं गेली." तो शांतपणे बोलत होता. "माय म्हने खाल्ला नाही. मंग तुमालेच करा लागंन. मायले खोटी पाडू का मी?"

स्वतःची पातेली नव्हती, भाड्याची आणली. मी वरण-भात, आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी केली. दह्याचा थेंब ठेवला नाही. गल्ली झाडून सगळी पंगतीला बसली आणि पहिला घास कोणी उचलेना. मी वाढायचं भांडं घेऊन मधोमध उभी. मग सासूबाई, ज्या बाहेरच्या पंगतीत कधी बसत नाहीत, येऊन खुशालभाऊंच्या शेजारी बसल्या आणि जेवायला लागल्या. भाऊंनी लगोलग भात कालवला. "वहिनी, भाजी वाढा इकडे! अजून! का हात आखडून राहिल्या?" गुरुजींनीही मागून घेतली. सगळे जरा जास्तच जेवले त्या दिवशी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

मी माफी मागितली नाही. आधी अटीत बसत नव्हती, नंतर मागायला कोणी उरलं नाही, आणि आता मागितली तर बायाबाई खोटी ठरते.

झाकण फिरायचं कधीच थांबलं होतं. गुड्डी माझ्याजवळ येऊन उभी होती. हातात तो डबा, बायाबाईनं घासलेला. तळाशी टेंभराच्या वाळक्या बिया खुळखुळत होत्या. तिनं त्या जपून ठेवल्या होत्या हे मला माहीत नव्हतं. तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते. मी ते बाजूला केले.

"आई."

"काय गं राणी?"

"आजी म्हने, डबा कुत्र्याले टाकला." ती विचार करत करत बोलत होती. "आजीजवळ तं कुत्रा आहेच नाही. मांजर आहे. अन् मी बसली होती ना तिच्या बाजूले. तिनं सगळा खाल्ला, बोटं बी चाटली. मंग आई, आजी तशी काहून बोलली?"